दुपारी दोन ते पावणेतीन मेडिकल बंद राहील

आमच्या मेडिकलच्या शटरवर गेल्या सव्वा वर्षापासून ही पाटी आहे. तिच्यावरून बरंच ऐकून घेतलं. "पुण्याची हवा लागली का ताई?" इथपासून "पैसा जास्त झालाय आता" इथपर्यंत. परवा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाटीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'अत्यावश्यक सेवा जेवायला गेली आहे.' त्यावर भराभर हसणारे चेहरे पडले. त्यातले निम्मे माझे रोजचे गिऱ्हाईक.

तिथे उत्तर दिलं नाही. इथे देते. जरा लांबेल, पण एकदा सांगूनच टाकते.

पाटी का लागली हे सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल. घरचे, ते पेशंट आणि त्यांचे डॉक्टर सोडून आजवर ती कुणाला सांगितलेली नाही.

मी बी.फार्म. बार्शीत वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. 'उभी आहे' हे शब्दशः घ्या. दुकान माझं, लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं, मदतीला एक मुलगा आणि हिशोबाला संध्याकाळी नवरा. तो फार्मासिस्ट नाही. सकाळी नऊला शटर वर, रात्री साडेदहाला खाली. रविवारी अर्धा दिवस, तोही नावाला, कारण घर दुकानाच्या वरच आहे आणि लोकांना बेल माहीत आहे.

२०२४ चा नोव्हेंबर. तुळशीचं लग्न होऊन लग्नसराई सुरू झालेली. मदतनीस मुलगा बहिणीच्या लग्नाला गेलेला, चार दिवस मी एकटी. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते मला अजून पाठ आहे. एका पोराला चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम हवी होती. नाही म्हटलं तर काउंटरवर हात आपटून गेला. एका बाईंनी महिन्याची उधारी अजून पंधरा दिवसांनी देते म्हणून सांगितलं, आणि तिच्या नवऱ्याचं इन्सुलिन थांबवायचं कसं, म्हणून परत दिलं. दुपारी लाईट गेली तर फ्रीजमधलं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात हलवलं. स्टॉकिस्टचा माणूस एक्स्पायरीचा माल परत न्यायला आला आणि अर्धाच घेऊन गेला. जेवणाचा डबा वरून आला तो तीनला उघडला, दोन घास खाल्ले, गिऱ्हाईक आलं, झाकला. साडेपाचला परत उघडला तर भाजी आंबलेली. पाणी मुद्दाम कमी पीत होते, कारण दुकानात बाथरूम नाही आणि वर जायचं तर काउंटर कुणाच्या भरवशावर सोडायचा?

रात्री साडेनऊच्या सुमारास एक आजी आल्या, नातवाबरोबर. वैरागच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या. संधिवाताचं औषध नव्यानं सुरू झालेलं. चिठ्ठीवर दोन महत्त्वाच्या गोळ्या होत्या. एक मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. दुसरी फॉलिक अॅसिड, त्याच्या दुष्परिणामांपासून सांभाळायला, बाकीचे सहा दिवस रोज. दोन्ही लहान, दोन्ही पिवळ्या. आजी म्हणाल्या, "अख्खी पाकिटंच दे बाई, परत परत येणं हुत न्हाई." दिली. दोन कागदी पाकिटांत घातली, पेनानं वर लिहिलं. एकावर 'रोज १', दुसऱ्यावर 'फक्त रविवारी १'. लिहिताना कानाला फोन होता. नेहमीचंच गिऱ्हाईक, एका गोळीला पर्याय विचारत होतं.

दुकान बंद केलं, वर आले, दोन पोळ्या गिळल्या, आडवी झाले. आणि अकरा वाजता डोळे उघडे. मी 'रोज' कुठल्या पाकिटावर लिहिलं?

आमच्या व्यवसायात हा आजार सगळ्यांना आहे. रात्री आडवं झालं की दिवसभरातली पाकिटं डोळ्यांसमोरून जातात. पाचशेची दिली की हजारची? लहान मुलाच्या सिरपचं माप नीट सांगितलं ना? याआधी कितीतरी वेळा असा संशय आला होता. खाली जाऊन बिलं काढून बघितली होती, दर वेळी बरोबरच निघालं होतं. म्हणून नवरा म्हणाला, "झोप गं. तुला रोजच वाटतं असं."

पण बिलावरून या वेळी काही कळणारच नव्हतं. दोन्ही औषधं दिली होती, दोन्ही बरोबर होती. प्रश्न पाकिटावरच्या अक्षरांचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतलं तर संधिवाताच्या लाखो पेशंटना त्यानं हातपाय हलवता येतात. तेच चुकून रोज घेतलं तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पडतात, साध्या इन्फेक्शननं माणूस जाऊ शकतो. ही चूक जगभर झालेली आहे, मोठ्या हॉस्पिटलांत झालेली आहे, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. कॉलेजात हे शिकवतात. मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग?

फोन नंबर घेतलेला नव्हता. चिठ्ठीवर गाव होतं. नवऱ्यानं एक अक्षर न बोलता गाडीची किल्ली घेतली. साडेअकराला मोटरसायकलवर निघालो. थंडी, कुत्री, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. मागं बसून मी एकच गोष्ट घोकत होते, आजीनं जेवून गोळी घेतली नसू दे. गावात एका पानटपरीवाल्यानं घर दाखवलं. दार वाजवल्यावर आधी सगळे घाबरले, एवढ्या रात्री कोण म्हणून. आजी उठून आल्या. पाकिटं देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात होती.

मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'रोज १'.

गोळी घेतलेली नव्हती. सकाळपासून सुरू करणार होत्या. मी पाकिटं बदलली, परत लिहिलं, दोनदा वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतल्यावर आजी म्हणाल्या, "त्ये समदं खरं, पर मला वाचाया कुठं येतंय? ह्याला सांग." नातू उभ्याउभ्या पेंगत होता.

म्हणजे मी बरोबर लिहिलं असतं तरी ते वाचणारं घरात नीट कुणी नव्हतं. साडेनऊला काउंटरवर दोन मिनिटं बोलले असते तर हे तेव्हाच कळलं असतं. शेवटी रविवारच्या गोळीच्या पाकिटाला त्यांच्याच घरातला काळा दोरा बांधला आणि सांगितलं, दोऱ्याची गोळी फक्त बाजाराच्या वारी. गावचा बाजार रविवारीच असतो म्हणून बरं. त्यांनी चहा केला. रात्री साडेबाराला चुलीपुढं बसून तो प्यायला. हात इतके थरथरत होते की बशी वाजत होती.

त्यांच्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून झालेलं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुमचं बीपी कधी बघितलंय?" बघितलं. १५६ वर ९८. लघवीचं इन्फेक्शनही निघालं, वर्षभरातलं तिसरं. मी तोपर्यंत दर वेळी माझीच मी अँटिबायोटिक काढून खात होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला काउंटरवर उभं करून भाषण दिलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येते.

ताण आला की लोक सांगतात योगा करा, प्राणायाम करा, सकारात्मक राहा. त्याला माझा विरोध नाही, सकाळी वीस मिनिटं मीही करते. पण साडेनऊ वाजता फोन कानाला लावून पाकिटावर लिहिणाऱ्या, सकाळपासून न जेवलेल्या बाईला अनुलोम-विलोमनं काय फरक पडणार होता? माझी चूक ज्ञान कमी म्हणून झाली नाही, मन कमजोर म्हणूनही झाली नाही. ती साडेबाराव्या तासाला झाली. आणि तो ताण माझ्यापुरता राहिलाच नाही. आजीच्या कोनाड्यापर्यंत पोचला.

साडेबारावा तास येतो कुठून? यात फक्त आमची पैशाची हाव आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं जरा शांतपणे वाचावं.

आपल्याकडे १९४८ चा फार्मसी कायदा आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी देऊ नये, असं तो सांगतो. औषधे व सौंदर्य प्रसाधने कायद्याखालचे १९४५ चे नियमही तेच सांगतात, औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच गेलं पाहिजे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये तर पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहून ठेवलंय. १ मार्च २०१४ पासून एच-वन यादी आली. त्यातली औषधं दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. हे सगळे नियम चांगले आहेत. मला एकही नको असं वाटत नाही.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात २०१७ साली नवा दुकाने व आस्थापना कायदा आला. दिवसाला किती तास काम, मध्ये किती विश्रांती, आठवड्याची सुट्टी, स्वच्छतागृह, सगळं त्यात आलं. पण तेव्हा या तरतुदी लागू झाल्या दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. त्याहून लहान दुकानानं फक्त आपण धंदा सुरू केल्याची सूचना द्यायची. तालुक्याच्या गावातलं कुठलं मेडिकल दहा माणसांचं असतं हो? दोन, फार तर चार.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून बघा. एक म्हणतो, दुकान उघडं असेल तोवर फार्मासिस्ट हजर पाहिजे. दुसरा आमच्या तासांबद्दल काहीच बोलत नाही. दुकानात फार्मासिस्ट एकच असेल तर दुकानाचे तास म्हणजेच त्या माणसाचे तास. साडेतेरा म्हणजे साडेतेरा.

दुसरा फार्मासिस्ट ठेवा की, असं म्हणाल. सरकारनं भाव ठरवून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मिळतात. त्यातून भाडं, लाईट, पगार, फुटलेला आणि मुदत संपलेला माल, आणि उधारी. समोर '२० टक्के सूट' असा बोर्ड लागलेला, हातातल्या मोबाईलवर त्याहून मोठी सूट. सूट देऊन आम्ही टिकू शकत नाही, म्हणून तास वाढवतो. तो साडेनऊला बंद करतो ना, मग आपण साडेदहाला. मग तो अकराला. गावातल्या सगळ्या मेडिकलवाल्यांनी मिळून एकमेकांची झोप अशी खाल्लेली आहे.

यातूनच दुसरी पळवाटही निघते आणि ती आमच्या क्षेत्रात कुणालाही नवीन नाही. सर्टिफिकेट भिंतीवर एकाचं, काउंटरवर माणूस दुसराच. महिन्याला ठरलेली रक्कम घेऊन आपलं सर्टिफिकेट भाड्यानं देणारे माझ्या बॅचमध्येही आहेत. ते दुपारी झोपतात, त्यांचं बीपी छान आहे. जो प्रामाणिकपणे काउंटरला उभा राहतो तो मात्र एकटा पडतो. हे म्हणताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

कामाच्या तासांवर आणखी एक ओझं असतं, ते कुठल्या कायद्यात बसत नाही. लोक डॉक्टरांना विचारायला लाजतात ते आम्हाला विचारतात. चिठ्ठी बघून आम्हाला कळतं कुणाच्या घरी काय चाललंय. कोण टीबीचं औषध मध्येच सोडतंय, कुणाच्या पोराला फिट येतात, कुणाला झोप लागत नाही. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या काउंटरसमोर माणसं रेमडेसिविरसाठी हात जोडून उभी होती. माझ्याकडे नव्हतं, कुणाकडेच नव्हतं. त्यातले तिघे नंतर परत कधी आले नाहीत. त्यांची घरची माणसं आली, बीपीच्या गोळ्या न्यायला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या विषारी औषधानं लहान मुलं गेली, तेव्हा गावातल्या आया घरातल्या बाटल्या पिशवीत घालून दुकानात आल्या होत्या. "ताई, ही तीच नाही ना?" एकेक बाटली हातात घेऊन नाव बघायचं, बॅच नंबर बघायचा, सांगायचं. आणि मनात हे की, ही मीच दिलेली आहे. हे असलं सगळं डोक्यात घेऊन घरी जायचं आणि कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरांकडे निदान डॉक्टर मित्र असतात. आमच्याकडे समोरचा मेडिकलवाला म्हणजे स्पर्धक.

असो. रडगाणं पुरे. त्या रात्रीनंतर मी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर होऊ दे.

पहिली गोष्ट ही पाटी. मदतनिसाला बसवून मी वर जेवायला जाऊ शकले असते, बरेच जण तेच करतात. पण मग चिठ्ठीवरची औषधं तो देणार, म्हणजे ज्या भीतीनं मी हे सुरू केलं तेच. म्हणून पूर्ण बंद. पंचेचाळीस मिनिटं. जेवण, बाथरूम, आणि दहा मिनिटं पाय भिंतीला वर लावून पडायचं. नवरा म्हणाला, लोक समोर जातील. गेले. पहिले दोन महिने गल्ल्यात फरक पडला. मग बरेचसे परत आले, काही नाही आले. घराचं गणित थोडं आवळावं लागलं. 'काहीच नुकसान झालं नाही, उलट फायदाच झाला' असं मी सांगणार नाही. नुकसान झालं. ते मला परवडतं तेवढं मी सोसलं. सगळ्यांना परवडेल असं नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट, एक वही. तिचं नाव 'चुकता चुकता'. देताना चुकणार होते पण हातातून जायच्या आत लक्षात आलं, अशी प्रत्येक गोष्ट त्यात लिहायची, वेळेसकट. क्लोमिफेनच्या चिठ्ठीला क्लोमिप्रामीनचा खोका उचलला. एक मूल राहावं म्हणून दिलेलं, दुसरं डिप्रेशनचं. आठवड्यातून एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं ड जीवनसत्त्व 'रोज' म्हणून सांगता सांगता थांबले. मदतनीस मुलगाही लिहितो. त्याला सांगितलंय, लिहिलंस म्हणून ओरडणार नाही, लपवलंस तर ओरडेन. वर्षभरानं वही चाळली तर अर्ध्याहून जास्त नोंदी रात्री आठनंतरच्या. आणि दुपारच्या विश्रांतीनंतरच्या तासाभरात जवळजवळ काहीच नाही. मला कुणा तज्ज्ञाला विचारायची गरज पडली नाही.

तिसरी, आठवड्यातून एकदा घ्यायच्या सगळ्या गोळ्या वेगळ्या लाल डब्यात. डबा उघडला की पाकिटाला काळा दोरा बांधायचाच. ही आजीची देणगी. आणि विचारायचं, "गोळ्या घरात कोण देतं? त्यांना वाचता येतं का?" मग त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचं, कुठली कधी. हातात गोळ्या आणि पेन असताना फोन घ्यायचा नाही. वाजू दे.

चौथी, दहानंतर व्हॉट्सअॅप बंद. पूर्वी बारा वाजता चिठ्ठीचा फोटो यायचा, 'ताई आहे का?' आता प्रोफाइलवर लिहिलंय, तातडी असेल तर १०८ ला फोन करा. खरं सांगते, त्या मेसेजांपैकी बहुतेक सकाळपर्यंत थांबणारे होते.

पाचवी, शरीर. काउंटरमागे जाड रबरी मॅट टाकली, उंच स्टूल आणलं. गिऱ्हाईक नसताना बसायचं, मालकीण बसली म्हणून कुणी काही म्हणत नाही. पायांच्या शिरा फुगायला लागल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे घालते. दोन लिटरची पाण्याची बाटली काउंटरवर. माझं घर वरच असल्यामुळे बाथरूम तरी आहे. शेजारच्या गल्लीतल्या मेडिकलात नोकरी करणाऱ्या डी.फार्म झालेल्या मुलीला तेही नाही. ती आता माझ्याकडे येते. सुरुवातीला लाजायची. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला लघवी तुंबवून इन्फेक्शन व्हावं, आणि त्यावर ती तिथलीच गोळी खावी, यात आपल्याला काहीच वावगं वाटत नाही का?

सहावी गोष्ट सगळ्यात अवघड होती. मी समोरच्या मेडिकलमध्ये गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा. ते दादा माझ्याहून मोठे, आम्ही एकमेकांकडे बघूनही न बघितल्यासारखं करायचो. त्यांना आजीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी त्यांची एक सांगितली. ती इथं लिहिणार नाही, ती त्यांची आहे. आता आम्ही चार दुकानदारांनी रविवार वाटून घेतलेत. दर रविवारी एकच दुकान उघडं, बाकी तिघांच्या शटरवर त्याचं नाव आणि नंबर. महिन्यातले तीन रविवार सुट्टी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी आणि नवरा सलग दोन दिवस पंढरपूरला राहून आलो. आणि आता कधी अंगावर आलं तर फोन करायला एक माणूस आहे, ज्याला मेथोट्रेक्सेट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

ज्यांना असं कुणी नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. त्या रात्रीनंतर महिनाभर मला झोप लागत नव्हती तेव्हा मी दोनदा फोन केला होता. झोपेची गोळी दुकानात हाताच्या अंतरावर असते आमच्या. म्हणूनच सांगते, आधी फोन करा.

पण हे सगळं मी माझ्यापुरतं केलंय, आणि ते पुरेसं नाही. चार मेडिकलवाल्यांच्या समजुतीवर गावाची औषधं चालू नयेत. दुकानांची तपासणी होते तेव्हा फ्रीज उघडून बघतात, इन्सुलिन २ ते ८ अंशांत आहे का. बघायलाच पाहिजे. त्याच वेळी एवढंही विचारा की इथला फार्मासिस्ट किती तास उभा असतो, जेवायला कधी जातो, दुकानात बाथरूम आहे का. एका फार्मासिस्टच्या नावावर दुकान दिवसाला किती तास चालू शकतं याला काहीतरी मर्यादा ठरवा. रात्रीची आणि सुट्टीची मेडिकलं पाळीनं उघडी ठेवायची पद्धत प्रत्येक तालुक्यात नियमानं लावा, म्हणजे लोकांची गैरसोय होणार नाही आणि कुणी एकटा मरणार नाही. लहान दुकानातल्या कामगारांना तास आणि सुट्टीच्या कायद्याबाहेर ठेवायचं असेल तर निदान जिथे थकव्यानं दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो तिथे तरी अपवाद करा. ट्रक ड्रायव्हरनं सलग किती तास गाडी चालवावी याची चर्चा आपण करतो ना? मग हीही करू.

आणि गिऱ्हाईक म्हणून तुम्हाला एवढंच. मेडिकलवाला तुमची चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचत असेल तर 'लवकर करा हो' म्हणू नका. तो फोन उचलत नसेल तर समजा त्याच्या हातात कुणाच्या तरी गोळ्या आहेत. घरी जाऊन पाकीट आणि चिठ्ठी एकदा ताडून बघा, शंका आली तर परत या. आम्हाला राग येत नाही. आम्हाला झोप येते.

आजी अजून येतात. हाताची बोटं आता पुष्कळ मोकळी झालीत. मागच्या महिन्यात तिळाच्या पोळ्या घेऊन आल्या होत्या, दुपारी सव्वादोनला. शटर बंद बघून ओट्यावर बसून राहिल्या. उघडल्यावर मी म्हटलं, "आजी, बेल वाजवायची की." तर म्हणाल्या, "जेवू द्यावं माणसाला."

मुख्याध्यापक सर, हे तुमच्या फोटोचं उत्तर. राग नाही. तुमच्या महिन्याच्या गोळ्या काढून ठेवल्यात. पावणेतीनला या. मी जेवलेली असेन.